बोट कुठे होती, हे कोण सांगणार?

नमस्कार. व्यासपीठावरची मंडळी, समोर बसलेली मंडळी, आणि भिंतीला टेकून उभे असलेले सगळे तांडेल, म्हणजे बोटींचे कप्तान. पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. या पुढे, बसा. आज वारा पडलेला असताना तुम्ही जाळी सोडून भाषण ऐकायला आलात, त्याबद्दल आयोजकांपेक्षा मीच जास्त आभारी आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘उपग्रहाद्वारे नौकांचा मागोवा आणि किनारी मासेमारीचे व्यवस्थापन’. विषय भारदस्त आहे आणि वेळ पाऊण तास. तेव्हा मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वेळ संपला तरी हरकत नाही. शेतकऱ्याला सातबारा मिळतो. जमीन कुणाची, पीक काय, सगळं एका कागदावर, तलाठ्याच्या सहीनिशी. दर्यावर जाणाऱ्याकडे असा कागद नाही. तो कुठे मासे मारतो, किती वर्षं मारतो, याची नोंद कुठेच नाही. आता पहिल्यांदा ती नोंद तयार व्हायला लागली आहे, तुमच्याच बोटीवर बसवलेल्या, बोटीची जागा उपग्रहाला सांगणाऱ्या यंत्रातून. माझं म्हणणं इतकंच आहे की ती नोंद तुमच्या हातात आली पाहिजे, सही-शिक्क्यासह. ती फक्त सरकारच्या संगणकात राहिली तर तिचा उपयोग तुमच्यावर नजर ठेवायला होईल. तुमच्या बाजूने बोलायला होणार नाही.

आता हे यंत्र आलं कुठून, ते बघू. काहींच्या बोटीवर बसलंय, काहींचा नंबर यायचाय. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते या योजनेची देशभरातली सुरुवात झाली. सुमारे ३६० कोटींची योजना, १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, यांत्रिक आणि मोटर लावलेल्या मिळून १ लाख बोटी. यंत्र इस्रोने विकसित केलेलं. ते जीसॅट-६ या उपग्रहाशी बोलतं. हा उपग्रह ऑगस्ट २०१५ मध्ये सोडला आणि त्याची अवकाशात उलगडणारी अँटेना सहा मीटर व्यासाची आहे. वर अँटेना मोठी असली की खाली बोटीवरचं यंत्र लहान चालतं. म्हणून ते तुमच्या केबिनवर मावतं. मोबाईलवर ‘नभमित्र’ नावाचं ॲप घ्यायचं, ते ब्लूटूथने यंत्राला जोडायचं, की किनाऱ्यावरून मराठीत निरोप येतो आणि तुम्हालाही उलट निरोप पाठवता येतो.

हा उलटा निरोप फार महत्त्वाचा आहे. ३० नोव्हेंबर २०१७ ला ओखी वादळ कन्याकुमारीजवळून गेलं. केरळ आणि तमिळनाडूच्या कितीतरी बोटी तेव्हा आठ-आठ, दहा-दहा दिवसांच्या फेरीवर खोल समुद्रात होत्या. मोबाईल तिथे चालत नाही, वायरलेस तितक्या लांब पोचत नाही. वादळाची सूचना निघाली तेव्हा ती ज्यांच्यासाठी होती ते ऐकण्याच्या टप्प्यातच नव्हते. कितीजण गेले हे इथे बसलेल्या जुन्या लोकांना सांगायला नको. आणि आपल्या देवगड बंदरात त्या वेळी ६८ बोटी आल्या, ९५२ माणसं. त्यांतल्या ६६ केरळच्या. त्यांच्या घरचे किनाऱ्यावर उभे राहून रडत होते आणि ही माणसं शेकडो मैल उत्तरेला, आपल्या देवगडात, सुखरूप होती. जिवंत आहेत एवढं कळवायला यंत्र नव्हतं. त्याआधी बोटींना जे संकटसूचक यंत्र दिलं होतं, त्याचं बटण दाबलं की किनाऱ्याला कळायचं, पण कळलं की नाही हे बोटीला कळायचं नाही. ओखीनंतर ‘नाविक’वर, म्हणजे जागा दाखवणाऱ्या आपल्या भारतीय उपग्रहांवर, चालणारी यंत्रं आली. त्यांच्यावर किनाऱ्याचा निरोप यायचा, पण उत्तर जायचं नाही. आता दोन्ही बाजूंनी बोलता येतं. याला माझा मनापासून पाठिंबा आहे. यंत्र बसवू नका असं सांगायला मी आलेलो नाही. कुणी तशा आशेने आला असेल तर त्याने चहा घेऊन मग जावं.

ओखीच्याही आधी दुसरं कारण होतं. २६ नोव्हेंबर २००८. पोरबंदरची ‘कुबेर’ बोट. तिच्यावरचे खलाशी आणि तांडेल मारले गेले आणि त्या बोटीतून दहशतवादी मुंबईच्या दारात आले. तोपर्यंत दर्यात बोट कुठे आहे हे सरकार कधी विचारत नव्हतं. मग सगळं सुरू झालं. ओळखपत्रं आली, राज्याराज्याचे बोटींचे रंग ठरले, बंदरातून निघताना टोकन आलं, आणि २० मीटरपेक्षा लांब मासेमारी बोटींना एआयएस सक्तीचं झालं. एआयएस मुळात जहाजं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून आहे. जहाज स्वतःचं नाव, जागा, वेग आणि दिशा सतत सांगत राहतं. देशभरात ७४ दीपगृहांवर ते ऐकणारे रिसीव्हर बसवलेले आहेत.

म्हणजे बघा, बोटीचा मागोवा दोन भीतींतून आला, हल्ल्याच्या आणि वादळाच्या. दोन्ही खऱ्या आहेत. पण मासळीसाठी म्हणून हे यंत्र आलंच नाही. मासळी टिकावी, लहान मच्छीमाराचं जाळं सलामत राहावं, या कामासाठी ते कुणी मागवलं नव्हतं. यातून काय होतं, ते सांगतो. थोडं लांबेल, पण हे ऐकल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

माझे मामा मालवणच्या बाजूला गिलनेटवाले. लहान फायबरची बोट, दोन खलाशी, रात्री जाळी सोडायची आणि पहाटे ओढायची. नोव्हेंबरातली रात्र. समुद्र शांत, इसवण लागत होती. जाळी पाण्यात, खलाशी झोपलेले, मामा जागे. मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडून दिवे आले. तुम्हाला हे दिवे माहीत आहेत, मी कशाला वर्णन करू. हायस्पीड ट्रॉलर, मागे जाळं ओढत जाणारे. एक नाही, तीन-चार. मामांनी बॅटरी मारली, ओरडले. त्यातला एक सरळ जाळ्यावरून गेला. पहाटे उरलेलं ओढलं तर निम्म्याहून जास्त जाळं गेलेलं, बोयेसुद्धा गेलेले. कर्ज काढून घेतलेलं जाळं होतं. मामांनी दोन गोष्टी केल्या. ट्रॉलरचा नंबर वाचला आणि हातातल्या जीपीएसचं बटण दाबून जागा साठवली.

सकाळी बंदरात न जाता ते थेट तक्रार द्यायला गेले. कार्यालयाचं नाव घेत नाही, माणसांची तर नाहीच. तिथे पहिला प्रश्न, हे कुठे झालं? मामांनी जुन्या पद्धतीने सांगितलं. देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आणायचा, आणि दुसऱ्या बाजूला अमुक खडक अमुक टोकाला लावायचा. या दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. माझ्या आजोबांनी त्यांना अशीच दाखवली होती. साहेब म्हणाले, अक्षांश-रेखांश सांगा. मामांनी जीपीएस पुढे केला. साहेब म्हणाले, हे बटण तुम्ही नंतर कधीतरी दाबलं नसेल कशावरून? मामा गप्प. ट्रॉलरवाल्याला विचारणा झाली. त्याचं उत्तर आलं की त्या रात्री आम्ही बाहेर खोलात होतो, तुमच्या हद्दीत आलोच नाही. झालं. याचा शब्द आणि त्याचा शब्द. प्रकरण तिथेच थांबलं.

माझी हरकत इथून सुरू होते. तो ट्रॉलर मोठा होता. त्याच्यावर एआयएस होतं. त्या रात्री तो स्वतःच, स्वतःच्या तोंडाने, दर थोड्या वेळाने जगाला सांगत होता, मी इथे आहे, माझा वेग इतका, माझी दिशा अशी. ते ऐकायला रिसीव्हर होते. मी दुसऱ्या एका कार्यालयात जाऊन विचारलं, त्या रात्रीची नोंद मिळेल का? उत्तर मिळालं, ती सुरक्षेसाठी आहे, मासेमारीच्या तंट्यासाठी नाही. ज्यांनी हे उत्तर दिलं ते चांगले गृहस्थ होते, चहा पाजला. त्यांच्या नियमात ते बरोबरही असतील. पण एका खिडकीवर पुरावा मागतात आणि दुसऱ्या खिडकीच्या कपाटात तो पडलेला आहे, आणि मधल्या व्हरांड्यात जाळं गमावलेला माणूस उभा आहे. याला व्यवस्थापन म्हणायचं?

पुढे काय झालं ते ऐका. मामांचा धाकटा मुलगा इंजिनिअरिंगला होता. त्याला इंटरनेटवरचा एक नकाशा सापडला. ग्लोबल फिशिंग वॉच. ओशियाना आणि स्कायट्रुथ या संस्था आणि गूगल, या तिघांनी मिळून सुरू केलेला, २०१६ पासून सगळ्यांसाठी फुकट खुला. उपग्रहांनी आणि किनाऱ्यावरच्या रिसीव्हरांनी ऐकलेल्या एआयएसवरून जगभरच्या मासेमारी जहाजांची वाट त्यात दिसते. या लोकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध छापला. २०१२ ते २०१६ या काळातल्या २२ अब्ज नोंदी संगणकाला वाचायला दिल्या आणि ७० हजारांहून जास्त जहाजं कधी चालत होती आणि कधी मासे मारत होती हे वेगळं काढलं. त्यासाठी संगणकाला जे शिकवावं लागलं ते इथल्या प्रत्येक खलाशाला येतं. ट्रॉल ओढणारी बोट तीनेक नॉटने, म्हणजे ताशी तीनेक सागरी मैलांनी, जाते आणि येते, पुन्हा जाते आणि येते. पर्ससीनवाला वेगाने गोल फिरतो आणि मग एका जागी थांबतो. गिलनेटवाला जाळं सोडून पाण्याबरोबर वाहतो. घरी निघालेला सरळ रेषेत येतो. नुसती रेघ बघून कोण काय करत होता ते कळतं.

तर भावाने त्या नकाशावर तो ट्रॉलर शोधला, ती रात्र शोधली. रेघ होती. तीन नॉट, जा-ये, जा-ये, मामांनी दाबलेल्या ठिपक्यावरून. छापून घेऊन बापलेक पुन्हा गेले. उत्तर काय मिळालं? हे इंटरनेटवरचं आहे, प्रमाणित नाही. कायद्याने तेही बरोबरच. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर ज्याच्या ताब्यात ती यंत्रणा आहे त्याचं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. प्रमाणपत्र कोण देणार? ज्याच्याकडे नोंद आहे तो. आणि तो म्हणतो, ती सुरक्षेसाठी आहे. मामा बाहेर आले आणि पायरीवर बसून एवढंच म्हणाले, “मी खंय होतंय ता माका म्हायती आसा. तो खंय होतो ता तेका म्हायती आसा. सरकाराकय म्हायती आसा. आनि पुरावो मागतत तो माका.”

मामा आता समुद्रावर जात नाहीत.

हे ऐकून कुणालाही वाटेल की मग सगळ्यांच्या रेघा सगळ्यांसाठी उघड्या करा. इंडोनेशियाने ते केलं. सुसी पुजिआस्तुती या तिथल्या तेव्हाच्या मत्स्यमंत्री. शाळा अर्धवट सोडून मासळीच्या व्यापारात उतरलेली बाई. २०१७ मध्ये त्यांनी सरकारकडच्या मासेमारी बोटींच्या नोंदी त्याच ग्लोबल फिशिंग वॉचवर खुल्या केल्या. असं करणारा तो पहिला देश. मग पेरू आला, पनामा आला, चिले आला. मला त्या बाईंच्या धाडसाबद्दल आदर आहे. पण आपल्याकडे जसंच्या तसं ते चालणार नाही, आणि का चालणार नाही हे या भिंतीजवळची मंडळी मला हसत हसत सांगतील.

तांडेल आपली जागा सांगतो का कधी? वायरलेसवर विचारा, “काय रे, खंय गावला?” उत्तर येतं, “हयच, जरा खाली.” खाली म्हणजे रत्नागिरीपासून कारवारपर्यंत कुठेही. सख्खा भाऊ सख्ख्या भावाला सांगत नाही. बंदरात येताना टपाभर सरंगा असला तरी तोंड पाडून यायचं, म्हणजे उद्या कुणी मागे लागणार नाही. हसताय, पण यात फसवणूक नाही. खडक कुठे आहे, कुठल्या महिन्यात कुठल्या पाण्याला कोणती मासळी येते, हे ज्ञान हेच तांडेलाचं भांडवल. बँक त्यावर कर्ज देत नाही, पण घर त्यावर चालतं. हे भांडवल रोज आकाशातून कुणीतरी वाचतोय म्हटल्यावर तो केबल काढून ठेवणार. त्याला गुन्हेगार म्हणायचं कारण नाही. म्हणून नोंद कुणाला किती दिसावी हा प्रश्न तंत्राच्या आधी सोडवावा लागतो. माझं उत्तर असं आहे. आपली स्वतःची रेघ मालकाला पूर्ण दिसावी. दुसऱ्याची रेघ कुणाला दिसू नये. पण बंदी असलेल्या पट्ट्यात जो शिरला, त्याचा तेवढा तुकडा सगळ्यांना दिसावा. चोरीच्या जागेला गुपिताचा हक्क नाही.

आता हा पट्टा. इथे मला थांबलंच पाहिजे, कारण सगळ्यात मोठी अडचण इथे आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपला कायदा १९८१ चा, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम. त्याखाली ट्रॉलरला किनाऱ्यापासून कुठवर बंदी, हे वावांत ठरलंय. काही पट्ट्यांत ५ वाव, काहींत १० वाव. डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला, त्यावर ५ फेब्रुवारी २०१६ चा पर्ससीनचा आदेश निघाला, त्यातही खोलीच्याच रेषा. वाव म्हणजे सहा फूट. ज्या काळात दोरीला शिसं बांधून खोली बघत, त्या काळात हे अगदी योग्य होतं. तांडेलाला आपण कुठे आहोत हे अक्षांशावरून नाही, खोलीवरून कळायचं. पण उपग्रहाला खोली दिसत नाही. त्याला अक्षांश-रेखांश दिसतात. बोट अमुक ठिपक्यावर होती हे सिद्ध झालं तरी त्या ठिपक्याखाली १० वाव पाणी होतं की ११, हे कोण ठरवणार?

आणि पाणी तर हलतं. सागरी नकाशावर छापलेली खोली नीचतम ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. बोटीवरचं इको साउंडर, आवाजाने खोली मोजणारं यंत्र, त्या क्षणाची खोली दाखवतं. मुंबई-पालघरकडे मोठ्या उधाणाला चार-पाच मीटर पाणी चढतं. ५ वाव म्हणजे साधारण ९ मीटर. तिथला तळ इतका सपाट उतरतो की भरतीच्या वेळी तीच ५ वावांची रेषा किनाऱ्याकडे कुठल्या कुठे सरकते. ट्रॉलरवाला साउंडरचा फोटो दाखवतो, बघा साहेब, मी ५ वावांबाहेर होतो. तो खोटं बोलत नाही. आणि जाळं गेलेला डोलवाला, म्हणजे एका जागी जाळं बांधून ठेवणारा, तोही खोटं बोलत नाही. दोघांना एकच रेषा दिलेली नाही, म्हणून दोघे भांडतात. यंत्रावर कितीही कोटी खर्च करा, जोवर सरकार या वावांच्या रेषा अक्षांश-रेखांशांच्या यादीत उतरवून राजपत्रात छापत नाही, तोवर उपग्रहाची एकही नोंद कुठल्याही सुनावणीत टिकणार नाही. हे काम फार मोठं नाही. डेहराडूनला नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय आहे, त्यांचे नकाशे आहेत. जुने तांडेल बोलवा, नकाशा पसरा, रेषा आखा. भांडण एकदाच आणि दिवसाउजेडी होऊन जाऊ दे.

दुसरी गोष्ट, यंत्राने किती वेळाने जागा सांगायची. परवापरवापर्यंत आपण शाळेत शिकलो की महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर. आता नवीन मोजणी ८७७.९७ किलोमीटर म्हणते. किनारा वाढला का? मोजणी बारीक प्रमाणाच्या नकाशावर झाली, म्हणून खाड्या आणि वळणं धरली गेली. बोटीच्या वाटेचंही तसंच आहे. युरोपात बराच काळ मोठ्या बोटींकडून साधारण दोन तासांनी एक ठिपका घेत. त्यांच्या खोल समुद्रात ते चालून जातं. आपली बंदीची पट्टी कित्येक ठिकाणी काही मैलांचीच आहे. तासाला एक ठिपका घेतलात तर तीन नॉटने ट्रॉल ओढणारा आत शिरून, अर्धा तास ओढून, पुन्हा बाहेर गेलेला असेल, आणि नकाशावर तो सबंध वेळ सज्जनासारखा बाहेर दिसेल. पर्ससीनचा वेढा तर दोन ठिपक्यांच्या मध्येच पडून जाईल. किनाऱ्याजवळ पाच-पाच मिनिटांनी नोंद हवी, खोलात अर्ध्या तासाने चालेल. ही यंत्रातली एक साधी सेटिंग आहे. पण कोण पकडला जाईल आणि कोण सुटेल, हे त्या सेटिंगवर ठरतं, आणि ती ठरवायला मच्छीमाराला कुणी बोलावत नाही.

कुणीतरी विचारलं, यंत्रच बंद केलं तर? बरोबर प्रश्न. बंद केलं हीसुद्धा एक नोंद आहे. बंदरातून टोकन घेऊन निघालेली बोट दोन मैलांवर गप्प होते आणि पहाटे तिथूनच पुन्हा बोलते, तर तिला निदान विचारता येतं. आणि एलईडीवाल्यांना तर यंत्र लागतच नाही. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडीने मासेमारीवर बंदी घातली. २०११ पासून सुओमी एनपीपी नावाचा एक उपग्रह रोज रात्री दीडच्या सुमाराला वरून जातो. त्याच्यावरच्या व्हीआयआयआरएस या कॅमेऱ्याला काळ्या समुद्रातला एका बोटीचा प्रखर उजेड दिसतो. आग्नेय आशियात त्यावरून रोजच्या याद्या बनत आल्या आहेत. ढग नसतील तर आपल्याही समुद्राचं चित्र मिळतं. दिवे लावून मासळीला बोलावणारा वरच्यालाही बोलावत असतो! उत्तर कोरियाच्या पाण्यात २०१७ मध्ये ९०० हून जास्त चिनी जहाजं एआयएस बंद ठेवून माकूळ मारत होती. ती शोधली गेली अशीच, रडार, कॅमेरा आणि रात्रीचे दिवे एकत्र लावून.

बरं, चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. अध्यक्षसाहेब, ज्यासाठी मी आलो ते अजून राहिलंय, जरा सांभाळून घ्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पकडले जाण्याची नाही. ज्यांची नोंदच होत नाही त्यांची आहे. २०२४ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये अभ्यास आला. जगातली जवळजवळ तीन-चतुर्थांश औद्योगिक मासेमारी जहाजं उघड मागोव्यात दिसतच नाहीत, ती रडार उपग्रहांनी शोधावी लागली. आणि आपल्या लाकडी आणि फायबरच्या लहान होड्या? त्या तर त्या रडारलाही नीट दिसत नाहीत. रापण, किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, नकाशावर नाही. वल्ह्याची होडी नकाशावर नाही. खाडीत कालवं काढणारी बाई नकाशावर नाही. उद्या कुणीतरी उपग्रहाचा सुंदर रंगीत नकाशा काढेल, त्यात किनाऱ्यालगतची पट्टी कोरी दिसेल, आणि त्यावर लिहिलं जाईल, येथे मासेमारी होत नाही.

हे मी मनचं सांगत नाही. वरळीला कोस्टल रोडचे खांब उभे राहायला लागले तेव्हा कोळ्यांना, आमच्या बोटी इथूनच जातात, खांबांत साठ मीटर अंतर पुरत नाही, हे सांगायला बोटी आणून काम अडवावं लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर कबूल झालं. रोजच्या ये-जा करण्याची एका वर्षाची रेघ हातात असती तर किती वेगळं बोलणं झालं असतं. उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये ९५ कोटींच्या वर भरपाई मंजूर केली, पण कोण मच्छीमार आणि कुठे मासे मारत होता हे दाखवण्यासाठी आधी किती झगडावं लागलं! आणि वाढवण. ज्या दिवशी पालघरला या एक लाख यंत्रांची सुरुवात झाली, त्याच दिवशी त्याच कार्यक्रमात ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केलाय, हे पाणी म्हणजे आमचं शेत आहे म्हणून सांगितलंय. त्यांच्याजवळ त्या शेताचा एकही कागद नाही. हे दोन्ही एका मांडवातून जाहीर झालं, म्हणून मला हा विषय रात्री झोपू देत नाही. यंत्र बसवणाऱ्यांनी पहिली नोंद वाढवणच्या होड्यांची घ्यायला हवी होती.

लहान होडीची नोंद होऊ शकत नाही असं नाही. तिमोर-लेस्त हा आपल्याहून गरीब देश. तिथे वर्ल्डफिश या संशोधन संस्थेने आणि सरकारने मिळून ‘पेस्कास’ नावाची यंत्रणा उभी केली. उन्हावर चालणारं लहानसं यंत्र साध्या होड्यांवर बसवलं, बंदरावर उतरलेल्या मासळीची नोंद त्याला जोडली. होड्या कुठल्या पाण्यात जातात आणि किती मासळी आणतात, हे आता तिथे दाखवता येतं.

तर घाईत सांगतो. सहकारी सोसायट्यांनी चार मागण्या कराव्यात. बोटीच्या मालकाला आपल्या रेघेची प्रमाणित प्रत, कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह, अर्ज केल्यावर मिळावी. वावांच्या रेषा अक्षांश-रेखांशांत छापाव्यात आणि प्रत्येक बंदरावर लावाव्यात. बंदी असलेल्या पट्ट्यात शिरलेल्या बोटींची यादी दर महिन्याला सोसायटीच्या फलकावर यावी. त्यात कर्नाटक, गोवा आणि गुजरातच्या बोटीही हव्यात, कारण मासळीला राज्याची हद्द नाही आणि ट्रॉलरलाही नाही. आणि बिगरयांत्रिकी होड्यांना, ज्यांची इच्छा असेल त्यांना, सोसायटीच्या मालकीची लहान यंत्रं मिळावीत. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेलाय आणि सुनावणी तहसीलदाराकडून मत्स्य खात्याकडे आलीय, म्हणजे निवाडा करणारं आणि नोंद वापरणारं कार्यालय आता एकच होऊ शकतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने १२ मैलांपलीकडच्या समुद्रासाठी नवे नियम काढले, यांत्रिक बोटींना ॲक्सेस पास, म्हणजे तिथे मासे मारायचा परवाना, आला. तिथेही यंत्र आहेच. म्हणजे मागोवा आता जाणार नाही. तो कुणाच्या कामाचा, एवढंच ठरायचं बाकी आहे.

पालघर-डहाणूचे आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतात, त्यांच्याबद्दल बोलायचं होतं. हे यंत्र सागरी सीमा जवळ आली की इशारा देतं. पण तो इशारा तांडेलाच्या मोबाईलवर जातो, खलाशाच्या घरी नाही. त्याची नोंद खलाशाच्या बायकोला मागता आली पाहिजे. आज एवढंच सांगतो, पुन्हा बोलावलंत तर पूर्ण सांगेन.

दाराजवळच्या टेबलावर ठरावाचा मसुदा ठेवलाय, मराठीत, एका पानाचा. पावसाळी बंदीसाठी १ जूनला बोटी वर चढतील, ३१ जुलैपर्यंत सगळे घरी असाल. सोसायटीची सभा त्या दोन महिन्यांत घ्या, मसुद्यात तुमच्या बंदराचं नाव घाला, चुकलं असेल ते खोडा, आणि मत्स्य खात्याच्या सहायक आयुक्तांकडे देऊन पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका.